मीटरचं कोणी सांगितलं नव्हतं

राजुऱ्यात माझं दुकान बसस्टँडकडून खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पाटीवर दोन ओळी होत्या. वर मोटार वाइंडिंग, खाली मॅग्नेट चार्जिंग. खालची ओळ आज वाचून कोणाला काही कळणार नाही, म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मोपेडी फार होत्या. ग्रामसेवक, मास्तर, तेंदूपानाचे मुनीम, सगळे मोपेडवर. मोपेडच्या इंजिनात एक फिरणारं भांडं असतं, त्यात चुंबक बसवलेले असतात. त्या चुंबकांमुळे ठिणगी पडते. काही वर्षांनी चुंबक मंदावतो आणि मग किका मारून मारून माणूस थकतो, गाडी काही सुरू होत नाही. लोक ते भांडं काढून माझ्याकडे आणत. मी ते जाड तांब्याच्या कॉइलमध्ये बसवून क्षणभर जबर करंट सोडायचो. धप्प असा आवाज व्हायचा, टेबल हादरायचं आणि चुंबक ताजा व्हायचा. तारा उलट्या जोडल्या तर त्याची दिशा पलटायची. बाकी काही नाही. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून तिकडचे लोक मे महिन्यातच चार-चार गावांची भांडी एका पोत्यात घालून आणत. एटापल्लीचा एक मिस्त्री तर पोतं उतरवण्याआधीच भाव पाडायला सुरुवात करायचा आणि मी त्याला पाणी विचारण्याआधी वाढवायला.

हे सगळं मी कोणाकडून शिकलो नाही. वडील खाणीत लोडिंगला होते, ते लवकर गेले. मी दहावीनंतर एका वाइंडरकडे झाडू मारत मारत पाहून शिकलो आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात चंद्रपूरच्या एका व्यापाऱ्याने मला तांब्याची म्हणून जी तार दिली, ती आतून अॅल्युमिनियमची निघाली. वरून नुसता तांब्याचा मुलामा. सहा मोटारी जळाल्या. मी चंद्रपूरला जाऊन त्या व्यापाऱ्याची गचांडी धरली, तर तो म्हणाला, "तपासून घेयाचं होतं ना भाऊ." चार लोक हसले. त्या दिवसापासून माझ्या दुकानात आलेली कोणतीही वस्तू, मग ती नवी असो की जुनी, विकत घेतलेली असो की नुसती ठेवायला दिलेली, मीटर लावल्याशिवाय कपाटात गेली नाही. सवय म्हणा, राग म्हणा.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ती शिकली. गावातली शाळा, चंद्रपूरचं कॉलेज, मग नागपूर, मग दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातली संशोधनाची संस्था. आमच्या वस्तीतल्या विहारात तिचा सत्कार झाला तेव्हा सूत्रसंचालकाने ती चुंबकावर संशोधन करते असं सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तिला कॉइल बांधून दिली होती. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.

सुट्टीत आली की ती दुकानात येऊन बसायची. एकदा मी चार्जरवर काम करत असताना तिला विचारलं, "तुमच्याकडचा चार्जर किती मोठा आहे?"

"आमच्याकडे चार्जरच नाई, दादा."

"मंग चुंबक पलटवता कसा?"

"तुही कॉइल मोठी आहे, कारण तू बाहेरून जोर लावतं. आमचा चुंबक एवढा बारका आहे का बाहेरून जोर लावला त शेजारचे दहा पलटतात. म्हणून आम्ही चुंबकाच्या पोटातूनच करंट सोडतो."

"पोटातून करंट सोडला त गरम होईन. पलटन काऊन?"

ती हसली. मग तिने माझ्या बिलबुकाच्या मागे चित्र काढलं. चुंबकाचे दोन पातळ थर, एकावर एक. एक थर हट्टी, त्याची दिशा बदलत नाही. दुसरा मोकळा. दोघांमध्ये एक भिंत, काही अणूंच्या जाडीची. हे सगळं मिळून एक खांब. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलासा चुंबक असतो, ती म्हणाली. ते हट्टी थरातून गेले की बहुतेक सगळे त्याच्याच दिशेला तोंड करतात. मग ते भिंतीतून पलीकडे मोकळ्या थरात घुसतात आणि त्याला ढकलतात. पुरेसे इलेक्ट्रॉन गेले की तो थर पलटतो. करंट उलटा सोडला की परत येतो. दोन्ही थर एका दिशेला असले तर करंट सहज जातो, उलट असले तर अडतो. त्यावरून एक की शून्य, हे वाचता येतं.

"आणि लाइट गेली त?" मी विचारलं. तेव्हा आमच्याकडे रोज आठ-दहा तास लोडशेडिंग होतं.

"लाइट गेली तरी थर जसा होता तसाच राह्यते. त्याचीच त मजा आहे. उद्याचे कॉम्प्युटर असे होतीन."

"केवढा असते हा खांब?"

"तुया डोक्याचा एक केस आडवा धर. त्याच्यावर असे पाचसातशे उभे राह्यतीन."

मी डोक्यावर हात फिरवला. केस तेव्हाच कमी झाले होते. ती म्हणाली, "तुया डोक्यावर नाई बसणार, दुसऱ्याचा शोधू."

असं ती बोलायची. पण फोनवर कधी कधी तिचा आवाज बारीक व्हायचा. हे खांब आपल्याकडे बनत नव्हते, परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून यायचे. पहिला लॉट आला तेव्हा तिच्या सरांनी तो दुसऱ्या एका विद्यार्थ्याला दिला. तो मोठ्या शहरातला, फाडफाड बोलणारा. तिने हे मला एकाच वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला. मी बदलला नाही. कितीतरी दिवस मी मोटारी बांधताना मनातल्या मनात त्या सरांशी भांडत होतो. आमच्या घरातल्या माणसाला नेहमी उरलेलंच का मिळतं, हे मला त्यांना विचारायचं होतं. त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो, पण त्यांचं उत्तर मला माहीत असल्यासारखं वाटायचं. तपासून घ्यायचं होतं ना, भाऊ.

मग एका वर्षी हिवाळ्यात तिचा फोन आला. दुसरा लॉट आला होता आणि तो तिला मिळाला होता. मोजणीचं यंत्र उत्तरेकडच्या एका संस्थेत होतं, तिथे तिला एक आठवडा दिला होता. ती आठवड्याची वेळ चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागणार होतं, आणि तिची शिष्यवृत्ती तोवर संपणार होती. तिची गाडी बल्लारशावरून जाते, म्हणून ती मध्ये दोन दिवस घरी उतरणार होती. आईच्या डोळ्यांना चंद्रपूरच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं.

आली तेव्हा तिच्याकडे कपड्यांची एक बॅग आणि चपट्या काळ्या प्लास्टिकची एक डबी होती. डबी तिने स्वतःच्या मांडीवर ठेवून सगळा प्रवास केला होता. सकाळी आईला घेऊन निघताना ती दुकानात आली.

"दादा, हे तुया लोखंडी कपाटात ठेव. घरी आपल्या इथी कोण येते, कोण जाते, नाई समजत."

"ठेवतो."

"चार्जरपासून दूर ठेव."

"एवढं त मले समजते."

"आणि आज चार्जर चालवूच नको."

मी चालवला नाही. दोन भांडी आली होती, त्यांना उद्या या म्हणून परत पाठवलं. हे मी आजही जोर देऊन सांगतो, कारण तिने जे सांगितलं ते मी शब्दाप्रमाणे पाळलं. डबी चार्जरपासून पंधरा फुटांवर होती.

पण ती कपाटात ठेवताना मला वाटलं, बघू तर खरं. डबीवर पिवळा त्रिकोण होता, त्यात हाताचं चित्र आणि त्यावर काट. असे त्रिकोण टीव्हीच्या सुट्या भागांच्या पिशव्यांवर मी हजारदा पाहिले होते आणि कधीच मनावर घेतले नव्हते. काही बिघडलंही नव्हतं. आत काळ्या फोममध्ये नखाएवढा चौकोन रुतवलेला होता, दोन्ही बाजूंना सोनेरी पाय. आणि त्या सगळ्या पायांना एका बारीक उघड्या तारेने एकत्र गुंडाळलेलं होतं.

माझं डोकं तिथेच फिरलं. वाइंडिंग करणाऱ्या माणसाला सगळे पाय एकमेकांना जोडलेले दिसले की एकच गोष्ट सुचते: शॉर्ट. माल शॉर्ट आहे. मला वाटलं, सरांनी चांगले तुकडे त्या दुसऱ्याला दिले आणि हिच्या हातात हा गचाळ बांधलेला तुकडा टेकवला. ही भोळी, तशीच घेऊन निघाली. तिथे यंत्राला लावल्यावर काही चालणार नाही आणि सगळे हिलाच दोष देतील. मी ठरवलं, आत्ताच तपासायचं. खराब निघाला तर तिला इथूनच सरांना फोन करायला लावायचा, वेळ आहे तोवर बदलून मागायचा. मी शब्दही जुळवायला लागलो होतो.

तार सोडवली. फोम बाजूला केला. मीटर कंटिन्युटीवर लावलं, जोडलेलं असेल तर बीप वाजतो तो भाग, आणि एकेका जोडीला टोकं टेकवली. फोमच्या कोपऱ्यावर नऊ खांबांच्या जोड्या पेनाने लिहिलेल्या होत्या, त्यामुळे सोपं होतं: जोडीवर बीप वाजला की तो खांब चांगला, असा माझा हिशोब. पहिल्या जोडीवर काही नाही. क्षणभराने बीप. मला वाटलं, पायावर मळ असेल, आता टोक नीट टेकलं. दुसरीवर तसंच. तिसरीवर तसंच. प्रत्येक वेळी आधी काही नाही आणि मग बीप. आठ जोड्या वाजल्या. नववीचा पाय आत वाकलेला होता, तिथे टोक पोचेना, आणि तेवढ्यात खाणीतला एक ठेकेदार पंपाची मोटार घेऊन आला. मी तार होती तशी परत गुंडाळली, अगदी तितकेच वेढे दिले, आणि डबी कपाटात ठेवली. मन हलकं झालं होतं. माल चांगला आहे, सगळं जुळलेलं आहे. त्या सरांबद्दल पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

दुपारी त्या दोघी परत आल्या. आईला मोतीबिंदू निघाला होता, पण घाई नव्हती. बहीण दुकानात चहा प्यायला थांबली. मी खुशीत होतो. म्हणालो, "ते पायाले तार काऊन गुंडाळली तुमच्या लोकांनी? मले वाटलं शॉर्टच आहे."

तिने कप खाली ठेवला. "तू उघडली डबी?"

"पाह्यली फक्त."

"तार तशीच आहे ना?"

"तशीच आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "बापा, घाबरवलं तू मले. ते मुद्दाम शॉर्ट करून ठेवतात. मंधात ती भिंत आहे ना, ते एका व्होल्टच्या आसपास फाटते. स्वेटर काढला तरी अंगात हजारो व्होल्ट तयार होतात. पाय एकत्र बांधले का सगळे सारखे, भिंतीवर काई येत नाई."

मी मीटरकडे पाहिलं. ते टेबलावर आमच्या दोघांच्या मध्येच पडलं होतं. त्यात नऊ व्होल्टची बॅटरी. टोकांवर तेवढा येत नाही, पण दोन-अडीच तरी येतो. हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला ती प्रत्येक जोडी आठवली. आधी काही नाही, मग बीप. तो बीप भिंत फाटल्याचा होता.

खोटं बोलायला मी घाबरत नाही. धंद्यात रोज बोललो आहे. इथे खोटं बोललो असतो तर तिला तिकडे जाऊन कळलं असतं आणि कारण कधीच सापडलं नसतं. म्हणून सांगितलं.

ती ओरडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "किती जोड्या?"

"आठ."

"नववी काऊन सोडली?"

"पोचलं नाई."

तिने टेबलावरचे कप बाजूला सरकवले. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते. मग म्हणाली, "दादा, एक सेल आहे? आणि मोठा रेझिस्टर. लाख ओहमचा."

होता. तिने आधी माझ्या आणि स्वतःच्या मनगटाला उघडी तार बांधली आणि ती अर्थिंगच्या पट्टीला जोडली. दोघं बहीणभाऊ टेबलाला बांधल्यासारखे बसलो. सेल, त्यापुढे तो रेझिस्टर, मग खांब. असं केलं की भिंतीवर अगदी थोडा दाब येतो, एका व्होल्टच्या शंभराव्या भागाच्या आसपास. मीटर मिलिव्होल्टवर. खांब जिवंत असेल तर पंधराच्या जवळ आकडा यायला हवा, मेला असेल तर शून्याजवळ.

मी टोकं धरली, कारण माझा हात स्थिर आहे. ती आकडा वाचत होती.

"गेला."

पुढचा.

"गेला."

चौथ्यानंतर ती नुसती मान हलवायची. मी प्रत्येक वेळी टोक थोडं जास्त वेळ दाबून धरायचो, जणू दाबल्याने आकडा चढेल. आठही गेले. नवव्याचा पाय तिने चिमट्याने अलगद सरळ केला. मी टोक टेकवलं. चौदा. थोडा हलला, पंधरा.

"हा आहे," ती म्हणाली.

"एक आहे ना मंग! एकावर काम नाई होत?"

"होते. पण एकावर कोण विश्वास ठेवते, दादा? तू एका मोटारीवरून तार चांगली म्हणतं का?"

मी मीटर बंद केलं.

मग मी मला जे येतं ते करायला लागलो. म्हणालो, मी सरांशी बोलतो. मी तिकडे जातो. दुसरे तुकडे मागवू, जे लागेल ते मी देतो, दुकान गहाण टाकतो. परदेशातल्या त्या लोकांनाही कोणीतरी धंदेवाला भेटेल, प्रत्येक गोष्टीचा भाव असतो. ती ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "ते विकत नाईत. ते आपसात देतात. वर्षातून एकदा देतात, विश्वासावर देतात." असा व्यवहार मी आयुष्यात केला नव्हता. कुठून हात घालावा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी तिला बल्लारशाला सोडायला गेलो. डबी तिच्या मांडीवर होती. प्लॅटफॉर्मवर ती म्हणाली, "सरांना मी सांगीन. माह्या हातून झालं म्हणून सांगीन."

"तुया हातून काऊन? माह्या हातून झालं. मी सांगतो."

"तू सांगणार नाई, तू भांडशीन. आणि त्यांना हे समजलं का मी डबी कोणाच्या बी दुकानात ठेवली, त आणखी वाईट. कबूल कर."

कोणाच्या बी दुकानात. ती तसं म्हणाली आणि लगेच माझ्या दंडावर हात ठेवला, पण शब्द तर निघून गेला होता. मी कबूल केलं. गाडी आली, ती चढली.

तीन दिवसांनी दुकानातला फोन वाजला. घरच्या पत्त्यात तिने हाच नंबर दिला होता. पलीकडून एक म्हातारा, मऊ आवाज. तिचे सर. ती नीट पोचली का, तिकडचा फोन लागत नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हिंदीत बोलत होते, तुटक, सांभाळून. मी म्हणालो, पोचली. ते म्हणाले, "आप उनके बड़े भाई हैं ना? वो आपके बारे में बताती है." मग म्हणाले, पहिल्या लॉटमध्ये अर्धे तुकडे खराब निघाले होते, म्हणून तेव्हा तो हिला दिला नाही, दुसऱ्याच्या माथी मारला. चांगल्या लॉटची वाट पाहिली. या वेळचे सगळे हिलाच दिलेत. हिचा हात सगळ्यात जपून चालतो.

वर्षभर मी या माणसासाठी शब्द जमवून ठेवले होते. जे सांगायला हवं होतं, ते न सांगण्याचं कबूल करून बसलो होतो. "जी सर," म्हणालो. पुन्हा "जी सर." त्यांनी माझ्या धंद्याला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

आठवडा संपला तेव्हा तिचा फोन आला.

"पलटला का?" मी विचारलं.

"पलटला. पहिल्याच दिवशी. जेवढ्या करंटवर पलटाले पाह्यजे, तेवढ्यावरच. मी एकटीच होती खोलीत, दादा. टाळी वाजवली."

"मंग?"

"मंग परत आणाले उलटा करंट सोडला. चार वेळा आला-गेला. दुसऱ्या दिवशी भिंत फाटली. होते असं, म्हणून त नऊ लागतात."

"माह्यामुळे कमजोर झाला होता का तो?"

"तू त्याले हातच नाई लावला ना."

"तरी."

"नाई समजणार आता ते," ती म्हणाली.

चार वेळा पलटलेल्या एका खांबावर कोणी शोधनिबंध छापत नाही. तिने सरांना ठरल्याप्रमाणे सांगितलं, "अर्थिंग करताना माझी चूक झाली." ते रागावले नाहीत, असं ती म्हणाली. पण पुढच्या वर्षी तिसरा लॉट आला तेव्हा तो त्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाला, आणि या वेळी चांगला होता. जे होऊ नये म्हणून मी मीटर उचललं होतं, ते मीटर उचलल्यामुळे झालं. हिने विषय बदलला. नुसते थर बनवायचे, किती पातळ, किती सपाट, एवढंच मोजायचं. पलटवणं दुसऱ्यांकडे गेलं. शिष्यवृत्ती संपल्यावर तिने शिकवण्या घेतल्या आणि पदवी उशिरा का होईना मिळवली. आज ती एका कॉलेजात शिकवते. लोक म्हणतात, चांगलंच झालं की. मीही म्हणतो.

पण मला अजून राग आहे आणि तो कोणावर करावा हे कळत नाही. सरांवर करायला जागा उरली नाही. त्या डबीवर करतो. चित्र कशाला, साध्या अक्षरात लिहायचं होतं. कधी तिच्यावर करतो, की चार्जरचं सांगितलं तर मीटरचंही सांगायचं होतं. भावाला इतकी वर्षं ओळखत होतीस. मग वाटतं, तिने सांगितलं नाही, कारण ओळखत होती म्हणूनच तिला वाटलं असेल, दादा ठेवायला दिलेली वस्तू उघडणार नाही.

एकदा ती सुट्टीत आली असताना मी तिला म्हणालो, "तू एकदा तरी भांड माह्यासोबत. शिव्या दे. एवढी वर्षं झाली, मले सहन नाई होत तुयं चुप राहणं."

ती आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. हात न हलवता म्हणाली, "शिव्यानं भिंत जुळत असती त तवाच देल्या असत्या, दादा. तू तिकडून कापूस दे."

मी कापूस दिला.